काठी काढली की द्राक्षाचं झाड आडवं पडतं: दर वर्षीची अडचण, कारणं आणि उपाय

मांडव नाही, वाय (इंग्रजी Y आकाराचा तारेचा सांगाडा) नाही, तार नाही. कमरेएवढ्या उंचीचं जाड खोड, वर पंजासारख्या चार-पाच फांद्या आणि पानाआड लोंबणारे घड. द्राक्षाचं असं स्वतःच्या पायावर उभं असलेलं झाड अंगणात असावं असं वाटून ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला, त्यांची तक्रार ठरलेली असते. दोन-तीन वर्षं बांबूला बांधलेलं झाड छान दिसतं. बांबू काढला की आठवड्यात कलतं, नाहीतर पहिल्या वाऱ्यात जमिनीवर येतं. पुन्हा बांबू लावायचा, पुन्हा वर्षभर थांबायचं, पुन्हा तेच. आणि एखादं झाड उभं राहिलंच तर त्याला घड नसतात.

मी या चक्रातून दोनदा गेले आहे. आमची बाग नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात आहे, सगळी वायवर. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मात्र नऊ वेली मी झाडासारख्या वाढवायला घेतल्या. सहा थॉम्पसन जातीच्या, डॉगरिज खुंटावर (म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या वेलीवर) कलम केलेल्या, आणि तीन गुलाबी जातीच्या, म्हणजे मस्कत हॅम्बर्ग, काडीचे फाटे लावून स्वतःच्या मुळावर. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये बांबू काढले. त्याच महिन्यात अवकाळी आली. सकाळी दार उघडलं तर नऊपैकी सात झाडं पूर्वेकडे तोंड करून झोपलेली आणि पिकत आलेले घड चिखलात. ते दृश्य मला विसरता येत नाही, कारण त्या झाडांची प्रत्येक काडी मी स्वतः निवडली होती.

नंतर लक्षात आलं की सातही झाडं एकाच कारणानं पडली नव्हती. पडलेलं झाड बघून आपण लगेच "वारा होता" म्हणतो आणि काठी आणखी जाड आणतो. तिथंच चूक होते. आधी बघायचं की झाड नेमकं कुठून वाकलंय.

बाहेरची पद्धत इथं जशीच्या तशी का चालत नाही

ही पद्धत जगात खूप जुनी आहे. इटलीच्या पांतेलेरिया बेटावर वेली खड्ड्यात लावून अशाच बुटक्या झाडासारख्या वाढवतात. समुद्राचा वारा त्यांच्या डोक्यावरून जातो. त्या पद्धतीला २०१४ साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. कॅलिफोर्नियातल्या लोडायला झिनफँडेलची शंभरी ओलांडलेली झाडं कुठल्याही आधाराशिवाय उभी आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रनाश, स्पेनच्या कोरड्या पठारावर आयरेन, दक्षिण आफ्रिकेत शेनिन ब्लांक, सगळीकडे हेच रूप दिसतं.

पण या सगळ्या ठिकाणी चार गोष्टी समान आहेत. उन्हाळा कोरडा असतो. जमीन हलकी, बरेचदा दगडगोट्यांची. पाणी बेताचं किंवा नुसतं पावसाचं. आणि हिवाळ्यात वेल पानं टाकून झोपते. सोसाट्याचा हिवाळी वारा येतो तेव्हा झाडावर नुसते खुंटारे (कापलेल्या काड्यांचे बुडखे) असतात, वाऱ्याला धरायला काही नसतं.

आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (घडांसाठी), आणि मधल्या जून-जुलैच्या वाऱ्यात झाडावर पानांचं भरगच्च शीड. खाली काळी कसदार जमीन, त्यात डॉगरिजसारखा जोमदार खुंट आणि ठिबक. आठ-दहा फुटांच्या काड्या निघतात. एवढं शीड आणि खाली तीन वर्षांचं अंगठ्याएवढं खोड. ते झाड पडणारच. म्हणून परदेशातल्या व्हिडिओत बघितलेली छाटणी इथं तशीच केली तर जमत नाही. आपल्या दोन छाटण्यांच्या हिशेबात ती बसवावी लागते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. हे अंगणासाठी, बांधासाठी, शाळेच्या आवारासाठी आहे. विक्रीच्या, त्यातही निर्यातीच्या द्राक्षासाठी आपला मांडव आणि वायच बरोबर. एकरी उत्पन्नाचा विचार करून कुणी हे करू नये.

मुळापासून कललं असेल तर

खोड सरळ आहे, पण झाड बुंध्यातून तिरकं झालंय आणि एका बाजूला मातीला भेग पडलीय. याचा अर्थ खोड चांगलं आहे, मुळांची पकड नाही. आमच्या सातपैकी दोन अशी होती. खणून बघितलं तर बहुतेक पांढरी मुळी ड्रिपरच्या खाली, वीतभर जागेत गोळा झालेली. दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही. ड्रिपर खोडाला चिकटून एकाच बाजूला होता आणि पाणी रोज थोडं थोडं दिलं जायचं. मुळीला खाली जायची गरजच पडली नव्हती.

उपाय सोपा आहे, वेळ मात्र घेतो. खोडाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फुटावर एकेक ड्रिपर ठेवायचा. पाणी रोज न देता एकदम भरपूर द्यायचं आणि पुन्हा वरची माती सुकू द्यायची. नवीन लावणार असाल तर खड्डा भरल्यावर दोनदा पाणी सोडून माती बसू द्या, मगच रोप लावा. भुसभुशीत उंच बोदावर (मातीच्या वरंब्यावर) वायची वेल चालते, कारण ती तारेला लटकलेली असते. स्वतः उभं राहायचं झाड बोदावर डुलतं. शक्य असेल तर मुरमाड जागा निवडा. आमच्या घराच्या पायथ्याशी बांधकामाचा मुरूम पडला होता, तिथलं झाड सगळ्यात खुजं आणि सगळ्यात घट्ट आहे.

कललेलं झाड एका दमात ओढून सरळ करू नका. उरलेल्या मुळ्या तुटतात. माती भिजवून, रोज थोडं थोडं, आठ-दहा दिवसांत सरळ आणायचं.

खोड मधूनच वाकत असेल तर

सगळ्यात जास्त झाडं याच कारणानं पडतात, म्हणून इथं जरा थांबते.

बुंधा जागेवर आहे, पण खोड गळाच्या काठीसारखं वाकलंय. काठीला बांधलं की सरळ, सोडलं की कमान. याचं कारण पहिल्या वर्षात सापडतं. आपल्याला सवय वायची. रिकट घेतला, म्हणजे कोवळी वेल खाली परत कापली, की एकच जोमदार फूट निवडायची, बगलफुटी (पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी) काढून टाकायच्या आणि ती फूट लवकरात लवकर तारेपर्यंत न्यायची. तारेच्या बागेत ते योग्यच आहे. पण अशा घाईनं वाढलेल्या खोडात पेरं लांब असतात, जाडी कमी असते, आणि दोन्ही टोकांना जवळजवळ सारखी असते. झाडाचं खोड खाली जाड आणि वर निमुळतं लागतं.

मी आता जे करते ते असं. रिकटनंतर फूट नऊ-दहा पानांची झाली की सात-आठ पानांवर शेंडा मारायचा. वरची बगलफूट पुढे जाऊ द्यायची, तिलाही तसंच थांबवायचं. ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) तयार करताना आपण 'स्टॉप अँड गो' करतो, तेच इथं खोडासाठी. आणि खोडावरच्या बाकी बगलफुटी काढायच्या नाहीत. त्यांना दोन-तीन पानांवर खुडून तशाच ठेवायच्या. ही पानं खालच्या खोडाला जागच्या जागी अन्न देतात. पहिलं वर्षभर माझी झाडं दिसायला केसाळ असतात, बघणाऱ्याला वाटतं हिनं विरळणी केलीच नाही. पण एकाच ओळीतल्या दोन वेली मी अशा आणि तशा वाढवून पाहिल्या. पुढच्या एप्रिलला बगलफुटी ठेवलेल्या वेलीचा बुंधा बोटांच्या पकडीत भरत होता, साफ केलेल्या वेलीचा पेन्सिलीपेक्षा थोडाच जाड.

उंचीचा मोह इथं सगळ्यात महाग पडतो. डोकं, म्हणजे खोडावर फांद्या निघतात ती जागा, दोन ते अडीच फुटांवर ठेवा. त्याखाली गेलात तर पावसाळ्यात मातीचे शिंतोडे पानांवर उडतात आणि करपा, केवडा असे बुरशीचे रोग धरतात. तीन फुटांच्या वर गेलात तर खोडाला तो भार पेलायला आणखी कितीतरी वर्षं लागतात. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्या उंचीवर काडी पक्की, तपकिरी आणि निदान पेन्सिलीएवढी जाड असेल तरच ती खोड म्हणून ठेवायची. नसेल तर खालच्या दोन डोळ्यांवर (काडीवरच्या कळ्यांवर) परत कापायची. वर्ष गेल्यासारखं वाटतं. पण बारीक काडीवर डोकं बसवलं तर पुढची पाच वर्षं आपण काठीच बदलत बसतो.

आता काठीबद्दल. ती तिसऱ्या वर्षी काढायची नसते. मला विचाराल तर पाच-सहा वर्षं धरूनच चाला. बांबूचा जमिनीतला भाग दोन पावसाळ्यांत कुजतो, नाहीतर वाळवी खाते. मग झाडच काठीला धरून उभं असतं आणि आपल्याला कळत नाही. म्हणून जीआय पाइप किंवा बाभळीचा खांब लावा, दीड-दोन फूट जमिनीत.

आणि बांधण्याची रीत. पडलेल्या झाडांपैकी एकाचं खोड मी हातात घेतलं तेव्हा मध्यावर सुतळीची खोल खाच होती. खाचेच्या वर खोड फुगलेलं, खाली बारीक, आणि वाकलं ते बरोबर तिथंच. सुतळी सालीच्या आत गेली होती, नखानं काढावी लागली. दोन वर्षांपूर्वी मीच ती गाठ मारली होती आणि परत बघितली नव्हती. तेव्हापासून बांधायचं ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. एक फास काठीला घट्ट, दुसरा खोडाभोवती इतका सैल की करंगळी सहज जाईल. दर दोन्ही छाटण्यांना सगळ्या गाठी सोडून नव्या बांधायच्या. तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी अजिबात नको.

दुसऱ्या वर्षापासून वरची गाठ एकच ठेवते, डोक्याच्या थोडी खाली, आणि तीही सैल. खोडाला थोडं हलू दिलं तर ते जाड होतं. पूर्ण जखडून ठेवलेलं खोड जाड होत नाही.

डोकं एका बाजूला ओढत असेल तर

खोड चांगलं मनगटाएवढं आहे, तरी झाड एका अंगाला झुकतंय. वर बघा. बहुधा चारपैकी तीन फांद्या एकाच बाजूला असतात, किंवा एखादी फांदी लांबत लांबत हातभर बाहेर गेलेली असते.

आमच्याकडे हे छाटणीमुळं झालं. गोडी छाटणीला पेठ तालुक्याकडची मजुरांची टोळी येते, वर्षानुवर्षं तीच. पहिल्यांदा घरासमोरची झाडं बघून मुकादम म्हणाला, "ताई, याला तार कुठंय? काडी बांधायची कुठं?" मी म्हटलं, "बांधायची नाही, भाऊ. आखूडच ठेवायची." त्यानं मान हलवली. पण हाताला सवय ओलांड्याची. ओलांड्यावर काड्या एका रेषेत लागतात, म्हणून त्यानं प्रत्येक झाडावर ओळीच्या दिशेच्या काड्या ठेवल्या आणि आडव्या बाजूच्या काढल्या. माणूस कामाला चोख होता. सांगण्यात माझीच कसर राहिली. आता मी प्रत्येक झाडाच्या ठेवायच्या काड्यांना आधीच रंगीत दोरा बांधते.

फांद्या तीन ते पाच असाव्यात, चारी दिशांना, आणि सगळ्या एकाच गाठीतून नकोत. वरच्या सहा इंचांत थोड्या खालीवर निघालेल्या असाव्यात. एका गाठीतून निघालेल्या फांद्या भार आला की खोड चिरतात. हात वर करून पंजा उघडा, तसा आकार हवा, मध्ये पोकळी. त्या पोकळीतून ऊन खाली आलं पाहिजे.

फांदी लांबत जाते त्याचं कारण म्हणजे दर छाटणीला आपण वरच्या काडीवर कापतो. खरड छाटणीला नेहमी खोडाकडची, म्हणजे खालची काडी ठेवून वरची काढायची आणि ठेवलेली एका डोळ्यावर आणायची. तरीही फांदी लांबलीच तर तिच्या मुळाशी जुन्या लाकडातून निघालेली फूट जपायची. वायच्या बागेत तिला आपण वांझ फूट म्हणून काढतो. इथं ती सोनं आहे. एप्रिलमध्ये निघालेली ही फूट ऑक्टोबरपर्यंत पक्की काडी होते, मग लांबलेली जुनी फांदी मागे कापता येते. थंड देशात याला पुढच्या हिवाळ्याची वाट बघावी लागते. आपल्या दोन छाटण्यांचा हा मोठा फायदा आहे.

मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायचीच. आणि खोडाला अगदी चिकटून कापू नका, अर्धा-पाऊण इंच खुंटारा ठेवा. कापाखालचं लाकूड आतपर्यंत वाळत जातं. तारेवरच्या वेलीला ते चालून जातं. स्वतः उभ्या झाडाला त्या वाळलेल्या लाकडाच्या बाजूनं कमजोरी येते.

हिरव्या फुटी बारा-पंधरा पानांवर खुडत राहा. फ्रान्स-इटलीत काही ठिकाणी सगळ्या फुटी वर गोळा करून शेंडीसारख्या एकत्र बांधतात. मी ते एका पावसाळ्यात करून पाहिलं. झाड वाऱ्यात छान उभं राहिलं, पण आत हवा खेळली नाही आणि पंधरा दिवसांत केवड्यानं पानं गेली. ऑक्टोबरनंतर कोरड्या हवेत चालतं, पावसाळ्यात नको.

उभं आहे, पण घड नाहीत

पडणं थांबलं की बहुतेकांना ही दुसरी अडचण भेटते. आमच्या थॉम्पसनची दोन झाडं पडली नव्हती. त्यांना सलग दोन हंगाम एकही घड आला नाही, आणि मी खतं बदलत राहिले. कारण खतात नव्हतं.

झाडासारख्या पद्धतीत काडी आखूड ठेवतात, दोन ते चार डोळ्यांवर. म्हणजे घड खालच्या डोळ्यांत असला पाहिजे. थॉम्पसन आणि त्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांच्या खालच्या डोळ्यांत सहसा घड नसतो. तो सहाव्या-सातव्या डोळ्याच्या पुढे किंवा सबकेनच्या (शेंडा मारल्यावर बगलेतून निघालेल्या काडीच्या) गाठीजवळ असतो. अशी काडी दोन डोळ्यांवर कापली की घड छाटणीच्या ढिगात जातो. गुलाबी, बंगलोर ब्ल्यू, भोकरी, ब्यूटी सीडलेस, परलेट या जाती आखूड छाटणीला चांगल्या. भारतातल्या जुन्या शिफारशींतही झाडासारख्या पद्धतीसाठी ब्यूटी सीडलेस आणि परलेटचं नाव येतं. वाइनच्या जातींत झिनफँडेल चालते.

खात्री करायची असेल तर गोडी छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी दोन-तीन काड्या डोळे तपासणीला द्या. द्राक्षपट्ट्यात ही सोय जागोजागी आहे. कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. घड दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यात दिसले तर निर्धास्तपणे आखूड छाटा. सहाव्यात दिसले तर ही जात या पद्धतीची नाही. गुलाबीला मी चार डोळ्यांवर छाटते.

जात बरोबर असूनही डोळे वांझ निघाले तर सावली आणि नत्र तपासा. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, आणि त्याला उजेड लागतो. नेमक्या त्या वेळी झाडाचं डोकं पानांनी गच्च असेल, पाणी सढळ असेल, शेणखताबरोबर युरियाही पडला असेल, तर डोळा घडाऐवजी बाळी (वेल ज्यानं आधार धरते तो तंतू) धरतो. प्रत्येक फांदीवर एक-दोनच फुटी ठेवा, मधली पोकळी मोकळी करा, त्या दिवसांत पाणी कमी करा. नत्र जवळजवळ बंद, पुढे काडी पिकायला पालाश.

डॉगरिज असेल तर जोम आवरणं कठीण जातं. क्षाराच्या पाण्याला आणि दुष्काळाला तो खुंट उत्तम आहे, आमची सगळी बाग त्यावर आहे. या कामाला मात्र स्वतःच्या मुळावरची वेल किंवा ११० आर हा खुंट बरा. खुंटाच्या फुटी जमिनीलगत येतात त्या दर पंधरा दिवसांनी मुळापासून काढा. एक जरी वाढली तर वरचं झाड खुरटतं.

थॉम्पसनच हवी असा आग्रह असेल तर खांब कायमचा ठेवा. जर्मनीत मोझेल खोऱ्याच्या उभ्या उतारावर प्रत्येक वेलीला एक खांब असतो आणि दोन लांब काड्या बदामाच्या आकारात वळवून त्याच खांबाला बांधतात. मी उरलेल्या दोन थॉम्पसनना आठ-आठ डोळ्यांच्या दोन काड्या ठेवून असंच केलं. पहिल्याच गोडी छाटणीला घड आले. ते स्वतंत्र झाड नाही, पण मांडव आणि तार तरी टळली.

चांगलं जाड झाड अचानक मोडलं तर

वारा नाही, भार नाही, आणि पाच वर्षांचं खोड मधूनच तुटलं. बुंध्याशी बघा, लाकडाचा बारीक भुसा पडलेला दिसेल. हे खोडकिड्याचं काम. तारेवरच्या वेलीत अळी खोड पोखरते तरी वेल वरून लटकलेली असते, पिवळी पडते आणि आपल्याला वेळ मिळतो. इथं खोड हाच सगळा आधार, तो आतून पोकळ झाला की संपलं. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला खोडाची सुटलेली साल हातानं काढून खोड स्वच्छ करा. त्यात मिलीबगही (पिठ्या ढेकूण) लपलेला असतो. दर महिन्याला बुंध्याशी वाकून भुसा आहे का ते बघा. छिद्र ताजं असेल तर तार घालून अळी मारता येते.

पडून गेलेलं झाड

खोड वाकलेलं पण जिवंत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. मुळं तीन-चार वर्षांची आहेत, तीच खरी कमाई. एप्रिलच्या खरड छाटणीला कलमाच्या जोडाच्या वर, दोन डोळ्यांवर कापा. जोडाखाली कापलं तर फक्त खुंट राहील, एवढं सांभाळा. जुन्या मुळावरची फूट भयंकर जोरानं येते, महिन्यात छातीपर्यंत जाईल. तिथंच परत फसायचं नाही. सात-आठ पानांवर शेंडा, बगलफुटी दोन-तीन पानांवर, सगळं पहिल्यासारखं.

पहिली दोन वर्षं घड दिसला की काढून टाका. तिसऱ्या वर्षी तीन-चार ठेवा. सहाव्या वर्षी माझ्या गुलाबीवर मी दहाच्या वर ठेवत नाही, ते पोरांना आणि पाखरांना पुरतात.

काठी काढायची वेळ आली का हे असं बघते. खरड छाटणीनंतर, झाडावर पान नसताना, सगळ्या गाठी सोडायच्या पण काठी जागेवर राहू द्यायची. मग जूनचा वारा येऊ द्यायचा. झाड काठीला टेकलं तर पुन्हा बांधायचं, वर्षभर थांबायचं. नाही टेकलं तर पुढच्या गोडी छाटणीनंतर पाइप हळूच फिरवून उपसायचा आणि भोकात मुरूम ठासायचा. तिन्ही गुलाबींचे पाइप असे निघाले आहेत. पडलेल्या चार थॉम्पसनच्या जागी बंगलोर ब्ल्यू लावली, ती आता दुसऱ्या वर्षात आहे, केसाळ खोडानं अडीच फुटांवर थांबलेली.